शेवट कसा होणार, ते बघायला चला

तुम्ही ‘पिल्स्ना’ बोटीच्या डेकवर आहात. १९३० चा ऑगस्ट. ३१ जुलैला मुंबई सोडली तेव्हा समोर ऐन पावसाळ्यातला अरबी समुद्र होता; आता एडन मागं पडलंय, हवा निवळली आहे. शेजारच्या खुर्चीत एकोणीस वर्षांचा एक तरुण मांडीवर कागद घेऊन गणित करतोय. त्याला हटकू नका. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, मद्रासचा, केंब्रिजला शिकायला निघालाय. जळण संपल्यावर ताऱ्याचं काय होतं, हा त्याचा प्रश्न. त्या काळचं उत्तर असं होतं, की तारा आक्रसतो, पृथ्वीएवढा होतो आणि निवत पडून राहतो. असा तारा म्हणजे श्वेतबटू. चंद्रशेखरनं त्या हिशेबात आइन्स्टाइनची सापेक्षता घातली आणि कागदावर एक मर्यादा उमटली. पुढे पक्क्या झालेल्या आकड्यानुसार ती सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट. त्याहून जड श्वेतबटू तग धरू शकत नाही.

विश्वाचा शेवट बघायला निघालेल्या तुम्हाला मी आधी या बोटीवर आणलं, कारण शेवटाचा आजचा अंदाज याच मर्यादेच्या आधारानं उभा आहे. कसा, ते १९९८ मध्ये पोचल्यावर कळेल.

वाटेत लंडनला थोडं थांबा. ११ जानेवारी १९३५, रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक. चंद्रशेखर आपलं गणित मांडून बसतो आणि पाठोपाठ आर्थर एडिंग्टन उठतात. खगोलशास्त्रात त्या वेळी त्यांच्या शब्दाला केवढं वजन! तारा कोसळतच जाईल ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटते, ते तसं बोलतात, आणि सभागृह हसतं. हे हसणं लक्षात ठेवा. शेवटाबद्दल बोलताना माणसं फार हसतात, तुम्हाला ते पुढे जागोजागी ऐकू येईल. पण पुढचं हसणं प्रश्नाला वाट करून देणारं असेल. हे वाट अडवणारं होतं. चंद्रशेखरना नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

आता खाली उतरायचंय. १९८० च्या दशकातली एक सकाळ, कोलारची सोन्याची खाण. डोक्यावर हेल्मेट, कमरेला दिव्याची बॅटरी. लोखंडी पिंजरा तुम्हाला घेऊन काळोखात सुटतो आणि कानांना दडे बसतात. जमिनीखाली २.३ किलोमीटरवर दार उघडतं. भिंतीच्या खडकाला तळहात लावून बघा, गरम आहे. आतल्या दाबानं इथला खडक कधी कधी स्फोट झाल्यासारखा फुटतो. कामगार त्याला ‘रॉकबर्स्ट’ म्हणतात, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. बोगद्यातून चालत गेलात की एका पोकळीत लोखंडी पत्र्यांची उंच चळत दिसते. पत्र्यांचा थर, मग वायू भरलेल्या चौकोनी नळ्यांचा थर, पुन्हा पत्रे, पुन्हा नळ्या. एकूण सुमारे १४० टन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि जपानच्या ओसाकातले शास्त्रज्ञ इथे एका मरणाची वाट बघत आहेत. प्रोटॉनच्या मरणाची.

प्रोटॉन अमर आहे असं सगळे धरून चालले होते. तुमचं शरीर, ही खाण, तारे, सगळं त्याच्या भरवशावर टिकून आहे. पण १९७० च्या दशकात नवे सिद्धांत आले आणि त्यांनी सांगितलं, की प्रोटॉनही कधीतरी फुटत असावा. फक्त त्याला विश्वाच्या आजवरच्या वयापेक्षा कितीतरी पट जास्त काळ लागत असेल. मग तो बघायचा कसा? एका म्हाताऱ्याच्या उशाशी वर्षानुवर्षं बसण्यापेक्षा मुंबई महापालिकेची मृत्यूची नोंदवही उघडावी, तिथे रोज कुणीतरी गेलेलं असतंच, तसं हे. या चळतीत एकावर एकतीस शून्यं इतके प्रोटॉन आहेत, आणखी थोडे जास्तच. त्यांतला एखादा वर्षभरात फुटला, तरी नळ्यांमधून विजेचा क्षीण ठोका उठेल आणि कागदावर रेघ येईल. वरच्या खडकाचं काम एवढंच, की अवकाशातून येणाऱ्या किरणांचा गोंगाट अडवायचा.

आणि अशा काही रेघा आल्या! प्रोटॉन फुटल्याच्या शक्यता म्हणून त्या मांडल्या गेल्या, जगभर चर्चा झाली. अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मोठ्या उपकरणांना मात्र तसं काही सापडलं नाही. जपानच्या डोंगराखाली पन्नास हजार टन पाणी भरलेलं ‘सुपर-कामिओकांडे’ १९९६ पासून हेच बघतंय, आणि त्याचा निकाल असा, की प्रोटॉनचं आयुष्य असलंच तर ते एकावर चौतीस शून्यं इतक्या वर्षांहून अधिक आहे. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. तरीही मला विचाराल तर विश्वाच्या अंताबद्दल आपल्या देशात विचारला गेलेला सर्वांत धाडसी प्रश्न त्या गरम खडकात विचारला गेला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला निदान एक परिच्छेद मिळायला हवा.

पुण्याला या. १९९० चं दशक, महिन्यातला दुसरा शनिवार, विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. त्यांच्याजवळ दप्तरवाली पोरं दंगा करतायत. थोड्या वेळात ती व्याख्यानाला सभागृहात शिरतील. सभागृहाचं नाव चंद्रशेखर, तुमच्या बोटीवरचा तोच. ही संस्था १९८८ मध्ये उभी करणारे जयंत नारळीकर यांची एक पद्धत होती. मुलांनी सहीसाठी वही पुढे केली की ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. कितीतरी घरांत ती पोस्टकार्डं जपून ठेवलेली आहेत.

विश्वाला शेवट आहे का, या प्रश्नावर नारळीकरांचं मत बहुसंख्यांहून वेगळं होतं. १९९३ मध्ये फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी मांडलेल्या विश्वाला ना आरंभ ना अंत. ते सावकाश प्रसरण पावतं, आणि त्या प्रसरणाच्या ओघातच आकुंचन-प्रसरणाची लय चालू असते. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही, कारण आकाशातून सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा सरळ अर्थ महास्फोटाच्या बाजूनं लागतो. मलाही तो पुरावा भक्कम वाटतो. पण सगळी वरात एका दिशेनं चालली असताना एक जाणता माणूस उलट बाजूनं प्रश्न विचारत राहतो, तेव्हा वरातीलाही आपला रस्ता तपासावा लागतो. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. शेवटपर्यंत ते प्रश्न विचारत होते.

८ जानेवारी १९९८, वॉशिंग्टन. इथे फार वेळ लागणार नाही. श्वेतबटू शेजारच्या ताऱ्याकडून द्रव्य ओढत चंद्रशेखर मर्यादेपाशी पोचला, की त्याचा स्फोट होतो. मर्यादा सगळ्यांना सारखी, म्हणून स्फोटाचं तेजही जवळपास सारखं. आणि तेज माहीत असलं की अंतर काढता येतं. असे दूरदूरचे स्फोट मोजून सॉल पर्लमटर यांच्या गटानं इथे, आणि ब्रायन श्मिट व अ‍ॅडम रीस यांच्या गटानं पुढच्या महिन्यात सांगितलं, की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय. गुरुत्वाकर्षणानं तो मंदावलाय किती, हे मोजायला दोन्ही गट निघाले होते! हा वेग वाढवणाऱ्या गोष्टीला कृष्ण ऊर्जा म्हणतात. ती आहे काय, हे कुणालाच माहीत नाही. तिघांना २०११ चं नोबेल मिळालं, आणि विश्वाच्या मृत्युपत्राचा मसुदा नव्यानं लिहावा लागला.

त्याआधीचा लोकप्रिय शेवट म्हणजे महाआकुंचन. सगळं पुन्हा एकत्र येणार, तापणार, चिरडणार. स्टीफन हॉकिंग सांगायचे, की जपानमध्ये व्याख्यान देताना त्यांना विश्व पुन्हा कोसळण्याचा उल्लेख टाळायची विनंती झाली होती, कारण त्यानं शेअर बाजारावर परिणाम होईल. शेअर आत्ताच विकायची घाई नको, असं ते पुढे जोडायचे. १९९८ नंतर तो शेवट मागं पडला. पण अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर पाच हजार प्रकाशतंतूंनी आकाश मोजणाऱ्या ‘डेसी’ प्रकल्पानं मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या नोंदी मांडल्या, आणि त्यांत कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असल्याची चिन्हं दिसली. अजून पक्कं नाही. पक्कं झालं तर मसुदा पुन्हा उघडेल.

आता उडी मोठी. १०० कोटी वर्षं पुढे. तुम्ही कोकणाच्या किनाऱ्यावर उभे असता, पण किनारा ओळखणार नाही. खंडं केव्हाच सरकलीत. डोक्यावरचा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे दहा टक्के तेजस्वी आहे. एवढंसंच, पण तेवढ्यानं समुद्राची वाफ व्हायला लागली आहे. ५०० कोटी वर्षांनंतर सूर्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपतो आणि तो फुगू लागतो. आणखी २५० कोटी वर्षांच्या आसपास त्यानं बुध आणि शुक्र गिळलेले असतात, आणि बहुधा आपलं घरही. खगोलशास्त्राच्या व्याख्यानांत हमखास येणारा विनोद याच ठिकाणचा. वक्ता सूर्याचं उरलेलं आयुष्य सांगतो, मागच्या रांगेतून घाबरा आवाज येतो, “किती म्हणालात?” “पाचशे कोटी वर्षं.” “हुश्श! मला पाच कोटी ऐकू आलं.” मला हा विनोद मनापासून आवडतो. आकड्यांचा फरक प्रचंड आहे आणि भीती मात्र तेवढीच, हे तो एका वाक्यात दाखवतो.

सूर्य फुटणार नाही. त्याचं वजन त्या बोटीवरच्या मर्यादेच्या खाली आहे. तो पसरेल, बाहेरचे थर सोडून देईल आणि श्वेतबटू होऊन निवत राहील.

आपल्याकडे पूजेच्या संकल्पात आपण ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धात आहोत असं सांगितलं जातं, आणि ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. सूर्याच्या आयुष्याशी तो आकडा जुळवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. ती मोजमापं निराळ्या हेतूनं केलेली आहेत. पण ज्या घरात सणावाराला कोटी कोटी वर्षांचे हिशेब कानावर पडतात, तिथल्या मुलाला पुढची शून्यं ऐकून गरगरत नाही, हे मी पाहिलंय.

यापुढे रस्त्याला फाटे आहेत. एका फाट्यावर महाविदारण. रॉबर्ट कॉल्डवेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचं वेळापत्रकच लिहिलं. कृष्ण ऊर्जा वाढत गेली, त्यांनी धरली तितकी उग्र निघाली, तर २२०० कोटी वर्षांनी सगळं फाटेल. शेवटाच्या सहा कोटी वर्षं आधी आकाशगंगा विस्कटते. तीन महिने आधी ग्रह सूर्याला सोडतात. अर्धा तास उरला असताना पृथ्वी फुटते. अगदी शेवटच्या क्षणाच्या सूक्ष्म अंशात अणू उसवतात. आजची मोजमापं इतक्या उग्र ऊर्जेच्या बाजूनं नाहीत, पण ते वेळापत्रक वाचताना अंगावर काटा येतो तो येतोच. दुसऱ्या फाट्यावर तर बघण्यासारखं काहीच नाही. सिडनी कोलमन आणि फ्रँक डी लुसिया यांनी १९८० मध्ये दाखवलं, की आपल्या विश्वाची निर्वात पोकळी कदाचित पूर्ण स्थिर नसेल. कुठेतरी खऱ्या स्थिर पोकळीचा बुडबुडा उठला तर तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं वाढत येईल आणि वाटेतलं सगळं पुसून टाकेल. त्याची बातमी त्याच्या आधी येऊच शकत नाही. म्हणून याची काळजी करायलाही सवड नाही, आणि शास्त्रज्ञ याच्यावर सर्वांत मोकळेपणानं हसतात.

आपण सरळ रस्त्यानं जाऊ. एक लाख कोटी वर्षं. इथे मात्र उतरा आणि नीट बघा.

तुम्ही एका लहानशा तांबड्या ताऱ्याच्या ग्रहावर आहात. असे तारे जळण इतकं काटकसरीनं वापरतात, की हा अजून ऐन तारुण्यात आहे. समजा इथे कुणी बुद्धिमान आहे आणि त्यानं आपल्यापेक्षा चांगली दुर्बीण बांधली आहे. तो डोळा लावतो. आकाशगंगा, देवयानी आणि आसपासच्या लहान दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं एकमेकींना धरून होत्या, त्या एव्हाना एक झालेल्या. त्यांचे तारे त्याला दिसतात. त्यापलीकडे काही नाही. आजच्या मोठ्या दुर्बिणींना दिसणाऱ्या अब्जावधी दीर्घिका प्रसरणानं इतक्या दूर नेल्या, की त्यांचा नवा प्रकाश त्याच्यापर्यंत कधीच पोचणार नाही, आणि जुना इतका ताणला गेला की टिपता येत नाही. महास्फोटाच्या उरलेल्या सूक्ष्मलहरीही तशाच विरल्या. लॉरेन्स क्राउस आणि रॉबर्ट शेरर यांनी २००७ मध्ये हे चित्र मांडलं, आणि शेवटाबद्दल मी जे काही वाचलं त्यात हेच मला सर्वांत खिन्न करणारं वाटतं.

कारण बघा, त्या खगोलशास्त्रज्ञाचं काही चुकत नाही. तो प्रामाणिक आहे, हुशार आहे. उपलब्ध पुराव्यावरून तो निष्कर्ष काढतो, की विश्व म्हणजे ताऱ्यांचं एकच बेट, भोवती अनंत रिकामी जागा, आणि सगळं स्थिर. आपल्याकडेही शंभरेक वर्षांपूर्वी पुष्कळ जाणकारांचं हेच मत होतं. आपल्याला त्यातून बाहेर काढलं ते दुसऱ्या दीर्घिकांनी. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये त्या जितक्या दूर तितक्या वेगानं पळतात हे दाखवलं, कारण पळणाऱ्या दीर्घिका दिसत होत्या. त्याला दिसत नाहीत. त्याला आरंभ कळणार नाही आणि शेवटाचा अंदाजही नीट करता येणार नाही. महाआकुंचन, महाविदारण, शेअर बाजार, यांतला एकही विनोद त्याला सुचणार नाही.

तुम्ही त्याला सांगायला जाल, पण दाखवायला तुमच्याकडे काय आहे? फक्त जुन्या नोंदी. आपल्या.

पुढचा प्रवास लांब आहे, पण सांगण्यासारखं थोडं. एक कोटी गुणिले एक कोटी वर्षं झाली, की नवे तारे जन्मायचं थांबतं आणि शेवटचे लालबटू विझतात. उरतात थंड श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरं. कधीमधी दोन निवलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेवढा उजेड. कोलारच्या त्या खोलीतला प्रश्न ‘हो’ निघाला, तर प्रोटॉन फुटत जातात आणि ताऱ्यांची प्रेतंही झिजून जातात. मग कृष्णविवरं. हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की तीही सावकाश बाष्पीभूत होतात. सूर्याच्या वजनाच्या कृष्णविवराला एकावर सदुसष्ट शून्यं इतकी वर्षं, सर्वांत मोठ्यांना जवळपास शंभर शून्यं. प्रत्येकाच्या शेवटी एक झळाळी. त्यानंतर एकमेकांपासून कल्पनेबाहेर दूर गेलेले काही कण, काही प्रकाश, आणि घडण्यासारखं जवळजवळ काही नाही.

या रस्त्याचा नकाशा पहिल्यांदा नीट काढणाऱ्यांत आजच्या बांगलादेशात जन्मलेले जमाल नझरुल इस्लाम होते, १९७७ मध्ये. फ्रीमन डायसन यांनी १९७९ मध्ये तो पुढे नेला आणि विचारलं, की इतक्या थंडीत जीवन टिकेल का? त्यांचं उत्तर आशेचं होतं: विचार मंद करायचे, मधून लांब झोपा काढायच्या, आणि मोजक्या ऊर्जेत अनंत काळ जगायचं. वेग वाढवणाऱ्या विश्वात हा हिशेब बसत नाही असं नंतर दिसलं. पण विश्वाचा शेवट हा विषय काढणंच त्या काळी गंभीर माणसाला शोभत नसे. या दोघांनी तो काढला, आकडे मांडले, म्हणून आज आपण तो कट्ट्यावर बसून बोलू शकतो.

परत आलात की एक करा. मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सुमारास शहराच्या दिव्यांपासून दूर जा. रात्री आठच्या सुमारास उत्तरेला शर्मिष्ठेचा इंग्रजी एमसारखा आकार आणि डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. दोहोंच्या मध्ये धुरकट ठिपका दिसेल. ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, नुसत्या डोळ्यांनी. मग चैत्रात एखाद्या खगोल मंडळाच्या दुर्बिणीतून कन्या राशीतली एम ८७ बघा. ती पाच कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे, आपल्यापासून पळते आहे, आणि पुढे कधीतरी कुणालाच दिसणार नाही. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. तुमच्या जिल्ह्यातही कुणीतरी हे करत असेल, चौकशी करा. मुलांना बरोबर न्या. आणि “मग शेवटी काय होणार?” असं त्यांनी विचारलं, तर प्रश्न टाळू नका, त्यांच्याकडून तो कागदावर लिहून घ्या आणि सांगू शकेल अशा कुणाला तरी पाठवा.